‘उद्या ये’ म्हटलं, अन् ती आलीच नाही… वढूच्या ‘माहेर’ची गोष्ट

हट्टा (ता. वसमत) : नवऱ्यानं मारलं की बाई आधी माहेरची वाट धरते. पण माहेरच उरलं नसेल, किंवा ‘दिल्या घरी राहा’ म्हणत आईबापच परत धाडत असतील, तर तिनं रात्रीच्या वेळी लेकरं घेऊन जायचं कुठं? याच प्रश्नापायी एका ख्रिस्ती सिस्टरनं पुणे जिल्ह्यात घर उभं केलं अन् त्याचं नावच ‘माहेर’ ठेवलं.

त्या सिस्टर लुसी कुरियन. मूळ केरळच्या कन्नूर जिल्ह्यातल्या. शिक्षणासाठी लहानपणीच मुंबईला आल्या, तिथली झोपडपट्टी पाहिली अन् पुढं सिस्टर झाल्या. (इथं सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स नव्हे. लग्न करायचं नाही, स्वतःची मालमत्ता ठेवायची नाही, असं व्रत घेतलेली बाई.)

१९९१ साली त्या पुण्यात काम करत होत्या. एक गरोदर बाई आली. नवरा जीव घेईल, मला ठेवून घ्या म्हणाली. कुणाला ठेवून घ्यायचा अधिकार सिस्टरच्या हातात नव्हता. ‘उद्या ये, काहीतरी करू,’ असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवलं. सिस्टरनं तिला दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही. पोटातलं लेकरूही गेलं.

हा ‘उद्या’ सिस्टरच्या मनातून गेला नाही. पैसा नव्हता, जागा नव्हती. फादर फ्रान्सिस डिसा यांच्यासारख्या माणसांनी मदत केली, तरी पहिलं घर सुरू व्हायला १९९७ उजाडलं. जागा मिळाली ती वढू बुद्रुकला, म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे त्याच गावात.

तिथं आलेल्या बाईला जात-धर्म विचारत नाहीत. आधी आसरा, जेवण, दवापाणी. मग तिच्याशी निवांत बोलणं. तिला परत नांदायचं असेल तर सासरच्यांशी बोलणी करतात. नसेल नांदायचं तर शिलाईसारखं काम शिकवतात, म्हणजे चार पैसे तिच्या हातात येतात. लेकरं शाळेत जातात. सिस्टर म्हटलं की धर्मांतराची शंका काढणारे असतातच. पण माहेरात दिवाळी, ईद, नाताळ सगळे सण होतात. पुढं रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्ण बायांसाठी, अनाथ मुलांसाठीही घरं झाली. केरळ, झारखंडपर्यंत काम गेलं. २०१६ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सिस्टरना नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

आता वढू आपल्यापासून लई लांब. पण १९९१ ला नव्हता तो कायदा आज आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्यानुसार पीडित बाईनं मागितला तर मान्यताप्राप्त आधारगृहानं आसरा द्यायलाच पाहिजे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथं राहायचा हक्क आहे. कायदा सोडून कुणी तिला बाहेर काढू शकत नाही. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट कोर्टात देता येतो. वकिलाची फी नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जावं. बाईला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

महिला हेल्पलाइनचा नंबर १८१. जिवाला धोका असेल तर ११२. दोन्ही नंबर रात्रीही चालू असतात.