वेलीवरून चालणारा ट्रॅक्टर : समज आणि वस्तुस्थिती

फ्रान्सच्या शॅम्पेन आणि बर्गंडी या प्रांतांतील द्राक्षमळ्यांची छायाचित्रे न्याहाळणाऱ्या आपल्याकडील बागायतदाराचे लक्ष घडांपेक्षाही ज्या वस्तूवर अधिक खिळते, ती म्हणजे वेलींच्या ओळीच्या दोन्ही अंगांना चाके टाकून, ती ओळ आपल्या पोटाखालून सुखरूप जाऊ देणारा आणि चालकाला वेलींच्याही वर बसवणारा तो विलक्षण ट्रॅक्टर होय. या यंत्राविषयी जे समज प्रचलित आहेत, त्यांतील सर्वांत दृढ असा की, असे यंत्र हाती आले म्हणूनच तेथील लोकांनी वेली इतक्या दाट लावल्या. वस्तुतः क्रम नेमका उलट आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या प्रांतांत ओळी अशा फारशा नव्हत्याच. जुन्या वेलीची काडी मातीत दाबून दाबकलमाने नवी वेल उठवावयाची अशी पूर्वापार वहिवाट असल्यामुळे मळा म्हणजे हेक्टरी वीस हजारांहूनही अधिक वेलींची गर्दी असे, आणि तीत माणसाच्या हातातील कुदळीवाचून दुसरे अवजार शिरत नसे. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नामक, मुळांवर जगणाऱ्या मावासदृश किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त करण्यास आरंभ केला आणि त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलम बांधणे हाच एक उपाय उरला, तेव्हा दाबकलम आपोआप बंद पडले. कारण दाबलेल्या काडीला फुटणारी मुळे खुंटाची नव्हेत, तर वरच्या नाजूक जातीची, म्हणजे पुन्हा त्याच किडीचे भक्ष्य. नवी लागवड ओळींत झाली, आणि त्या ओळींमधील सुमारे एक मीटरचे अंतर हे नांगर ओढणारा एक घोडा जेमतेम जाईल अशा बेताचे होते. पुढे हेच अंतर सरकारी नियमांच्या कलमांत जाऊन बसले. बर्गंडीतील अव्वल दर्जाच्या अनेक मळ्यांना आज हेक्टरी किमान ९,००० वेली, म्हणजे एकरी ३,६०० हून अधिक, राखणे भाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घोडे आणि मजूर दोन्ही दुर्मिळ होऊ लागले. साधा ट्रॅक्टर त्या बोळात शिरेना आणि नामांकित मळा उपटून पुन्हा लावण्याची छाती कोणाची होईना. अशा पेचात शॅम्पेनमधील व्हँसाँ बालू यांच्यासारख्या कल्पक यंत्रज्ञांनी यंत्रच वेलीवर चढवले.

सामान्य ट्रॅक्टरला डोंबाऱ्यासारखे काठीचे पाय लावले की हे यंत्र तयार होते, असेही कित्येकांना वाटते. परंतु चाकांना जोडणारा आडवा आस येथे टाकताच येत नाही, कारण तो वेलींच्या मधूनच जाईल. म्हणून आजच्या यंत्रांत इंजिन वर ठेवून त्याची शक्ती दाबाखालील तेलाच्या नळ्यांवाटे खाली उतरवतात आणि चाकाजवळच्या मोटरींनी चाके फिरवतात. उंचीमुळे यंत्र कलंडते हा आक्षेप मात्र निखालस खोटा म्हणता येत नाही. गुरुत्वमध्य उंच असल्याने उतारावर धोका असतोच. त्यावर तोड म्हणून एका बाजूची चाके वरखाली करून सांगाडा समतल राखण्याची तजवीज अनेक यंत्रांत केलेली असते, आणि जेथे चढ फारच तीव्र, तेथे ओळींच्या मधून जाणारी, साखळीपट्ट्यांवर चालणारी छोटी यंत्रेच पसंत करतात.

जमीन दबण्याविषयीचा समज अधिक विचार करण्याजोगा आहे. यंत्राचे वजन दोन-तीन टनांच्या घरात, चाके अरुंद, आणि वाट दरवेळी तीच. तेव्हा माती घट्ट होते हे खरे. पण हे यंत्र एका फेरीत अनेक ओळींवर फवारणी करीत असल्यामुळे त्याची चाके प्रत्येक पट्ट्यात पडत नाहीत, ही दुसरी बाजू टीकाकार सांगत नाहीत. बर्गंडीच्या रोमाने-काँती या जगद्विख्यात मळ्याने काही तुकड्यांत पुन्हा घोडा जुंपला आहे. त्यात मातीची काळजी आहे, आणि माझ्या मते थोडा दिमाखही आहे.

ओळीवरून जाते ते तोडणीचेच यंत्र, हा गोंधळ तर सर्रास आढळतो. ओळीवरून चालून द्राक्षे झाडून घेणारी यंत्रे निराळी. शॅम्पेनमध्ये त्यांना मज्जाव आहे, कारण तेथील नियमांनुसार घड हातांनी अखंडच तोडावे लागतात. उलट ब्राझीलच्या कॉफीत आणि स्पेनच्या ठेंगण्या, अतिसघन ऑलिव्ह-बागांत ही तोडणी-यंत्रे सुखेनैव चालतात. कारण तेथे झाडाची उंची आणि रुंदी यंत्राच्या पोटात मावेल इतकीच राखलेली असते.

ही अट ध्यानात घेतली, म्हणजे नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना पडणाऱ्या, असे यंत्र आणण्याच्या मोहाचेही उत्तर मिळते. आपल्याकडील खाण्याच्या द्राक्षांच्या बागा मांडवावर किंवा वाय पद्धतीच्या आधारावर उभ्या; नऊ फूट बाय पाच फूट अंतर धरले तर एकरी हजाराच्या आतच वेली. मांडवात पानोळा डोक्यावर एकसंध पसरलेला, आणि वाय पद्धतीत त्याच्या भुजा दोन्ही अंगांना फाकलेल्या. वेलीवरून जावयाचे तर यंत्राने जावे कोठून? म्हणूनच येथे मांडवाखालून फवारणीचा ब्लोअर ओढीत जाणारा ठेंगणा, कमी रुंदीचा ट्रॅक्टर रूढ झाला, आणि तो रास्तच आहे.

आता शॅम्पेनमध्येही ओळींमधील अंतराला घातलेली दीड मीटरची कमाल मर्यादा अढळ राहिलेली नाही. २०२१ मध्ये तेथील उत्पादकांच्या संघटनेने हे अंतर सव्वादोन मीटरच्या जवळपास नेण्यास अनुकूल कौल दिला, आणि इतक्या रुंद पट्ट्यातून साधा अरुंद ट्रॅक्टर सहज जाईल. तथापि एकदा लावलेली वेल तीस-चाळीस वर्षे जागा सोडीत नाही. रँस शहरी तयार झालेला बाकूस हा विजेवर चालणारा, चालकविरहित यंत्रमानवही, म्हणूनच, ओळीच्या दोन्ही बाजूंना चाके टाकूनच चालतो.