पेट्रोलचा काटा खोटं का बोलतो?

समजा, मामांच्या जुन्या फियाटमधून तुम्ही वाशिमहून कारंज्याच्या गुरुमंदिराला निघालात. काटा म्हणतोय, टाकी अर्धी आहे. मंगरुळपीर मागे पडलं, अंधार झाला आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली! टाकीत थेंब नाही, काटा मात्र अर्ध्यावरच. मागच्या सीटवर आजी. आता बोला!

बरं का दोस्तांनो, काट्याला पेट्रोल दिसतच नाही. टाकीत एक पोकळ डबा तरंगत असतो, त्याला ‘फ्लोट’ म्हणतात. पेट्रोल संपत आलं की तो खाली उतरतो. त्याच्या दांड्याचं टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकतं आणि विजेला होणारा रोध बदलतो. रेडिओचा आवाज लहानमोठा करायचं बटण असंच चालतं. वीज कमीजास्त झाली की काटा हलतो.

मग लबाड कोण? फ्लोट, वायर की मीटर?

चांगला मिस्त्री आधी टाकी खोलत नाही. तो फ्यूज बघतो, मग अर्थची वायर. जुन्या गाडीत चोर पुष्कळदा इथेच सापडतो. पत्रा गंजला की विजेची परतीची वाट बंद! पॉलिशपेपरनं घासलं की काम फत्ते.

तरीही काटा ढिम्म? मग तो डॅशबोर्डामागची, फ्लोटकडून आलेली वायर काढतो आणि मीटरचं ते टोक क्षणभर अर्थला जोडतो. काटा या टोकाकडून त्या टोकाला पळाला तर मीटर धडधाकट. हे टाकीपाशी करायचं नाही हं, ठिणगी उडाली तर?

शेवटी टाकी. फ्लोटला भोक पडलं तर तो बुडतो आणि भरली टाकीही रिकामी दिसते. मामांच्या गाडीत दांडाच गंजून मध्ये अडकला असणार. हे काम बॅटरीची वायर काढून, मोकळ्या हवेत, मिस्त्रीनंच करायचं. पेट्रोलची वाफ भडकते. तुम्ही लांबून बघा.

मुंबईत कुर्ल्याला बनणारी ही फियाट पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. नवा फ्लोट मिळायला म्हणूनच वेळ लागतो.

तोवर? पेट्रोल भरताना किलोमीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहा. १० लिटर भरलं, गाडी लिटरला १२ किलोमीटर देते, म्हणजे १२० किलोमीटर. पण १०० झाले की पंप शोधायचा. मामा गाडी चालवतील, हिशेब तुम्ही ठेवा.