पावती परदेशात, रस्ता वऱ्हाडात

बिल्टीची किंमत कापडाच्या व्यापाऱ्यास सांगावी लागत नाही. गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून असतात, बिल्टी मात्र आडत्याकडून बँकेत आणि बँकेतून दुकानदाराकडे फिरते. परदेशी बाजारातील डिपॉझिटरी रिसीट हीदेखील अशीच पावती आहे. शेअर भारतातील बँकेत अमानत म्हणून राहतात, त्यांच्या आधारावर परदेशातील बँक पावत्या काढते आणि त्या तिकडे विकल्या जातात. आपल्या देशातून असा पहिला व्यवहार 1992 मध्ये रिलायन्सने केला.

कंपन्यांप्रमाणे मालमत्तेच्या ट्रस्टांनाही हा दरवाजा उघडावा काय, आणि उघडल्यास त्यावर पहारा कोणता, असा आजचा प्रश्न आहे. हे ट्रस्ट दोन प्रकारचे आहेत. 'रीट' इमारतींचे भाडे वाटतो. 'इन्व्हिट' रस्ते, वीजवाहिन्या यांचे उत्पन्न वाटतो. सेबीने दोघांचे नियम 2014 मध्ये केले. वाटण्याजोग्या रोख रकमेपैकी किमान 90 टक्के युनिटधारकांना देणे बंधनकारक आहे.

रिद्धपूरच्या दुकानदारास हा विषय दूरचा वाटेल, पण तो दूरचा नाही. तळेगाव ते अमरावती हा सुमारे 67 किलोमीटरचा महामार्ग आयआरबी इन्व्हिट फंडात घातला गेला, आणि तो फंड मे 2017 मध्ये शेअरबाजारात आला. नागपूरहून येणाऱ्या ट्रकचा टोल भाड्यात चढतो, भाडे गाठीवर चढते आणि शेवटी आपल्या गिऱ्हाइकाच्या बिलात उतरते. त्या टोलवर उद्या परदेशात पावत्या निघाल्या, तर त्यांचा हिशेब कोण तपासणार हे विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

पहारा का हवा, हे मागील अनुभवाने शिकविले आहे. काही लहान कंपन्यांच्या परदेशी पावत्यांत एकच खरेदीदार कर्ज काढून सर्व माल उचलत असे, आणि त्या कर्जाला तारण असे कंपनीचाच पैसा. पुढे पावत्या मोडून शेअर भारतात विकले जात व नुकसान येथील लहान गुंतवणूकदाराच्या माथी बसे. सेबीने 2011 मध्ये अशा व्यवहारांवर आदेश काढला. 'व्यवहार परदेशात झाला, सेबीचा संबंध काय?' असा वाद पॅन एशिया अ‍ॅडव्हायझर्सच्या खटल्यात घातला गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सेबीचा अधिकार मान्य केला.

त्यानंतर ऑक्टोबर 2019 मध्ये सेबीने चौकट घालून दिली. पावत्या ठरावीक देशांतील ठरावीक बाजारांतच निघाव्यात आणि देशात लागू असलेल्या भावाहून कमी भावाने निघू नयेत, असे त्यात आहे. ही चौकट शेअर व कर्जरोखे समोर ठेवून आखलेली आहे. ट्रस्टाचे प्रश्न वेगळे आहेत. कंपनी कायम चालू शकते, टोलची मुदत मात्र संपते. याच फंडातील भरूच–सूरत रस्ता मुदत संपल्यावर 2022 मध्ये परत गेला. म्हणून पावतीवर मुदत स्पष्ट लिहिली जावी, दर तिमाहीची वसुली येथे व तेथे एकाच दिवशी जाहीर व्हावी, आणि पावतीमागचा खरा मालक कोण याची नोंद सेबीकडे असावी, असे आम्हांस वाटते.

आखातात ज्यांची मुले कमावतात त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2019 च्या नियमांप्रमाणे भारतात राहणाऱ्यास या पावत्या घेता येत नाहीत. अनिवासी भारतीयांनाही, कर्मचारी म्हणून मिळणारे शेअर, बोनस व राइट्स वगळता, मनाई आहे. तेव्हा 'परदेशी पावतीत खास सवलत' सांगणारा दलाल आल्यास त्याला दारातूनच परत पाठवावे. या ट्रस्टांची युनिटे भारतातील बाजारात सरळ घेता येतात. रिझर्व्ह बँकेने अनिवासींना ती मुभा 2015 मध्येच दिली आहे.

घेण्यापूर्वी वाटपाचा तपशील मात्र वाचावा. इन्व्हिटच्या वाटपात मोठा भाग व्याजाचा असू शकतो आणि काही रक्कम आपल्याच मुद्दलाची परतफेड असते. ज्यांना व्याज नको त्यांनी हे आधी पाहावे. भावाचीही हमी नाही: 102 रुपयांना विकलेले आयआरबीचे युनिट मार्च 2020 मध्ये निम्म्याहून खाली गेले होते. गाठ सोडून माल पाहिल्याशिवाय आपण कापड घेत नाही. येथेही तोच रिवाज पाळावा.