वाऱ्यात सापडलेली दीर्घिका

हबल दुर्बिणीने टिपलेला ‘ईएसओ १३७-००१’ या दीर्घिकेचा फोटो मी येईल त्याला दाखवतो. नॉर्मा दीर्घिकासमूहात ती भरधाव शिरते आहे. तिथला वायू विरळ, पण कोट्यवधी अंश तापलेला. स्कूटरवर ओढणी मागे उडावी, तसा त्याच्या दाबाने हिचा थंड वायू मागे खेचला जातो. तारे जागेवरच, इतक्या घट्ट गोळ्यांना वारा काय करणार? गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी हे गणित १९७२मध्येच मांडलं होतं. वायू संपला की नवे तारे बंद. पण शेपटीत निळे ठिपके दिसतात ना, ते तिथेच जन्मलेले तारे! अँटेना नावाच्या दीर्घिकांमध्ये मात्र टक्कर झाली, वायू दाबला गेला आणि ताऱ्यांचं पीकच आलं. तेही वायू पुरेल तोवरच.