फक्त विचारतेय हं!

संक्रांतीला आठ दिवस होते. दुपारची झाकपाक करून मोबाइल हातात घेतला, तर आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सत्तेचाळीस मेसेज! म्हटलं, कुणाच्या घरी काही बरंवाईट तर नाही ना झालं? कारण आमचा ग्रुप म्हणजे अगदी साधासुधा. तालुक्याचं गाव, मंडळात बासष्ट जणी. सकाळी फुलांची चित्रं, दुपारी भिशीची तारीख, संध्याकाळी 'कुणाकडे जादा सिलिंडर आहे का गं?' एवढाच काय तो संसार.

झालं होतं असं, की आमच्यातल्या एका शिक्षिका मैत्रिणीने लिहिलं होतं, 'यंदाच्या हळदीकुंकवाला सवाष्ण, विधवा असा भेद नको. मंडळातल्या सगळ्या जणींना बोलवू या आणि सारखंच वाण देऊ या.' सोबत तिने हेरवाडची आठवण करून दिली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं बंद. त्याच महिन्यात १७ तारखेला राज्य सरकारनेही परिपत्रक काढलं, की इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचं अनुकरण करावं.

यावर मतभेद होणार हे धरूनच चालायला हवं. मतभेदाला माझी ना नाही. बासष्ट बायकांचं एकमत झालं तर मलाच भीती वाटेल! पण त्या दुपारी जे चाललं होतं त्याला मतभेद म्हणावं का, हा प्रश्न पडला.

एक काकू आहेत. नाव सांगत नाही, प्रत्येक मंडळात एक असतेच. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, 'एवढ्या वाणांचा खर्च कोण करणार?' खजिनदारबाईंनी लगेच हिशोब टाकला. चारच वाणं वाढतात, पैसे शिल्लक आहेत. झालं, खर्चाचा मुद्दा तिथेच गडप! काकूंचा पुढचा प्रश्न, 'मग उद्या पुरुषांनाही बोलवायचं का?' त्याला कुणी उत्तर देतंय तोवर, 'ज्यांना बोलावणार त्यांना तरी हे आवडेल का?' मग 'शिकलेल्या बायकांना आपले सण नकोच असतात.' आणि प्रत्येक मेसेजच्या शेवटी हात जोडलेलं चित्र आणि 'मी आपलं फक्त विचारतेय हं!'

बघा ना, उत्तर आलं की प्रश्न पुढे सरकतो. आपण धावतोय आणि समोरची व्यक्ती आरामात खुर्चीत बसून चेंडू टाकतेय. वर आपलाच आवाज चढला की 'एवढं चिडायला काय झालं?' हेही ऐकून घ्यायचं.

बी.ए.ला मला तत्त्वज्ञान होतं. लग्नानंतर त्यातलं बरंचसं फोडणीत गेलं, पण एक गोष्ट लक्षात राहिली आहे. गौतमांच्या न्यायसूत्रात बोलण्याचे, म्हणजे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून दोघांनी बोलायचं, तो वाद. म्हणजे बघा, मुळात वाद हा चांगला शब्द! आपण त्याची भांडणाला जोड देऊन टाकली. दुसरा जल्प, म्हणजे काहीही करून जिंकायचंच. आणि तिसरी वितंडा. स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त दुसऱ्याचं खोडत राहायचं. आपण सहज 'वितंडवाद नको' म्हणतो ना, तो शब्द इथला. आमच्या काकूंना तो नेमका लागू पडत होता. खर्चापासून संस्कृतीपर्यंत सगळं बोलल्या, पण हळदीकुंकू कसं करावं हे एकदाही बोलल्या नाहीत.

त्याच शास्त्रात 'छल' नावाचा प्रकारही आहे. समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ काढायचा. भाष्यातलं उदाहरण मोठं गमतीचं आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे त्याच्याकडे नवं कांबळं आहे. दुसरा म्हणतो, छे, नऊ कांबळी कुठे आहेत, एकच तर दिसतंय! आपल्याकडे यालाच 'ध चा मा' म्हणतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि चिठ्ठीतलं 'धरावे' खोडून 'मारावे' कुणी केलं, तर म्हणे आनंदीबाईने! इतिहासकारांना ते मान्य असो नसो, म्हण तयार झाली. एका अक्षराची लबाडीसुद्धा बाईच्या खात्यावर. असो.

हे सगळं शहाणपण मला ठाऊक असताना मी काय केलं, ते आता सांगते. सांगताना बरं वाटत नाही.

आमच्या मंडळात सर्वांत मोठ्या माई आहेत. त्यांनी टायपिंग जमत नाही म्हणून आवाज रेकॉर्ड करून पाठवला. म्हणाल्या, 'अगं, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण माझा नातू सीमेवर आहे. लहानपणापासून जे मनात बसलंय ते जात नाही. मला भीती वाटते गं.' आणि मी, मंडळाची अध्यक्ष, ग्रुपची अ‍ॅडमिन, लगेच लिहिलं, 'म्हणजे आपल्याच मैत्रिणींना तुम्ही अपशकुनी म्हणताय का माई?'

टाळ्यांची चित्रंच चित्रं आली. मला कोण आनंद झाला! रात्री जेवताना नवऱ्यालाही वाचून दाखवलं. त्याने जेवता जेवता एवढंच विचारलं, 'पण माई असं कुठं म्हणाल्या?'

घास तसाच हातात राहिला. माई तसं म्हणाल्याच नव्हत्या. इतक्या मेसेजांमध्ये स्वतःच्या मनातलं खरं बोलणारी ती एकच बाई होती, आणि नेमकं तिच्याच शब्दांचं मी नवकंबल केलं होतं. काकूंना मात्र कुणी काही बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. खरं बोलणारी माणसं सोपी सापडतात.

रात्री अकराच्या सुमारास ग्रुपवर ती बारीक अक्षरातली ओळ आली. अमुक यांनी ग्रुप सोडला. माई नव्हेत. आमची हिशोब बघणारी मैत्रीण. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला. दोन मुली, शिवणकाम करते. वाणाच्या कापडी पिशव्या तिनेच शिवल्या होत्या! दिवसभर तिचा एकही मेसेज नव्हता, म्हणून आम्ही समजत होतो की ती कामात असेल. कुठली कामात! सगळं वाचत होती.

त्या रात्री ग्रुप बंदच करून टाकावा असं वाटलं. निदान फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं तरी करून टाकावं. अ‍ॅडमिनची जबाबदारी किती, यावर २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा एक निकाल आहे. दुसऱ्या सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं, तर त्याच्याशी संगनमत असल्याशिवाय केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. कायद्याच्या बाजूने मी मोकळीच होते म्हणायची. पण मला टोचत होता तो दुसऱ्याचा मेसेज नव्हताच.

सकाळी तिच्याकडे गेले. मशीनवर बसली होती. चहा केला, बोलली नेहमीसारखी. मीच विषय काढला, तर म्हणाली, 'ताई, सगळं माझ्याबद्दल चाललं होतं, आणि मला कुणी विचारलंच नाही. विरोध करणाऱ्यांचं सोडा, माझ्या बाजूने भांडणाऱ्यांनीसुद्धा नाही. मला कुंकू हवंय की नकोय, मला यायचंय की नाही, कुणाला माहितीये?'

यावर मी काय बोलणार? परत येताना मनात आलं, १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर विधवाविवाहावर केवढा मोठा वाद झाला. सुधारकांकडून विष्णुशास्त्री पंडित उभे होते. कायदा १८५६ लाच झालेला, तरी शास्त्राला मान्य आहे का यावर खल झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरोधात गेला. शास्त्रार्थ करणारे सगळे पुरुष. ज्यांच्या आयुष्याचा तो प्रश्न होता, त्या बायका आपापल्या घरी, आतल्या खोलीत. आमच्याकडे एवढाच फरक, की आतल्या खोलीत मोबाइल पोहोचलाय.

तिथून तशीच माईंकडे गेले आणि माफी मागितली. माई म्हणाल्या, 'अगं, तू लिहिलंस ते मला नातसुनेने वाचून दाखवलं. तिच्यासमोर मान खाली गेली बघ.' मग जरा थांबून म्हणाल्या, 'पण मी येणार आहे.'

शनिवारी आम्ही मीटिंग घेतली, समोरासमोर, सतरंजीवर. मी एवढंच सुचवलं, की दुसरीचं म्हणणं खोडायच्या आधी ते आपल्या शब्दांत सांगायचं आणि तिला विचारायचं, बरोबर सांगितलं का गं? हे माझं डोकं नव्हे, जुन्या ग्रंथांतही आधी पूर्वपक्ष मांडतात, मगच आपलं उत्तर. वेळ फार गेला, काहीजणी कंटाळल्या, दोघी स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून उठून गेल्या. पण आवाज काही चढला नाही. काकूंनी 'मग उद्या पुरुषांनाही...' सुरू केलं, तेव्हा मी शांतपणे विचारलं, 'काकू, ते राहू दे. तुमच्या मते काय करावं?' त्या गोंधळल्या. 'माझं कसलं मत? मी आपलं...' एक दोघी हसल्या, त्यांना मी डोळ्यांनीच दटावलं. काकू नंतर गप्पच होत्या. त्यांना खरंच काही मत नव्हतं, की आजवर त्यांचं मत कुणी विचारलंच नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

हळदीकुंकू सगळ्यांसाठी झालं. चौघींपैकी दोघी आल्या. माई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन त्यांच्यापुढे आल्या आणि हात तसाच थांबला. आमचा सगळ्यांचा श्वास अडकला. माईंनी विचारलं, 'लावू का गं?' एक म्हणाली, 'लावा.' दुसरी म्हणाली, 'मला नको माई, तिळगूळ द्या.' माईंनी दोघींना तसंच दिलं.

पिशव्या शिवणारी आली नाही. तिची पिशवी मी कपाटात ठेवली आहे. महिनाभराने तिचा मेसेज आला, ग्रुपवर नव्हे, माझ्या नंबरवर. 'मार्चचा हिशोब करून देईन. वही पाठवा. ग्रुपमध्ये मात्र मला विचारल्याशिवाय घालू नका.'

वही त्याच दिवशी नेऊन दिली.