बेथेल : एका खेड्याची आणि त्याच्या प्रार्थनामंदिराची हकिकत

खेड्याचा इतिहास म्हटला की आपण किल्ला, वाडा किंवा एखादे हेमाडपंती देऊळ शोधू लागतो. ज्या गावात यांपैकी काहीच नाही, त्याला इतिहासच नाही असे आपण सहज ठरवून टाकतो. मी नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्या तालुक्यात कित्येक पाड्यांवर पत्र्याचे किंवा कौलारू असे लहानसे प्रार्थनामंदिर दिसते. "हे तुमच्याकडे आले कसे?" असा प्रश्न वर्गमित्र नेहमी विचारतात. १८९० मध्ये शिकागो येथे स्थापन झालेल्या स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात आले आणि १९४२ मध्ये चिंचपाड्याचा दवाखाना उभा राहिला, एवढे उत्तर देता येते. पण मंदिराभोवती वस्ती कशी रुजते, हे समजून घ्यायचे तर आपल्याच महाराष्ट्रातील एका जुन्या उदाहरणाकडे पाहावे लागते. ते उदाहरण म्हणजे जालन्याजवळचे बेथेल.

बेथेलची कहाणी सुरू होते मुंबईत. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने अज्ञान श्रीपतला त्यांच्या स्वाधीन केले. पण त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, हे आपण मराठीच्या तासाला ऐकतोच. मात्र थोरल्या भावाचे पुढे काय झाले, हे क्वचितच सांगितले जाते.

नारायण शेषाद्री फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक झाले आणि १८६० नंतरच्या दशकात त्यांनी जालन्यास काम सुरू केले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि तेथे इंग्रजी फौजेची छावणी होती. त्यांच्याकडे आलेले लोक मुख्यतः मांग समाजाचे होते. गावकुसाबाहेर राहणे, वाखाचे दोर वळणे, मिळेल ते बलुते घेणे आणि गावच्या विहिरीपासून दूर उभे राहणे असे त्यांचे जिणे होते. त्यांना नुसता उपदेश करून भागणार नव्हते. नवा धर्म घेतला म्हणून राहते बलुते बंद झाले तर खायचे काय?

तेव्हा शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडे जमीन मागितली. सालारजंगांनी ती ठरावीक मुदतीपर्यंत सारामाफीने दिली. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. देणारा दिवाण मुसलमान, मागणारा जन्माने ब्राह्मण व धर्माने ख्रिस्ती आणि कसणारे हात अस्पृश्य मानलेल्यांचे! या जमिनीवर वस्ती बसली. तिला बेथेल हे नाव दिले गेले. बेथेल म्हणजे इब्री भाषेत 'देवाचे घर'. घर सोडून निघालेला याकोब उशाशी धोंडा घेऊन उघड्यावर झोपला आणि त्या जागेला त्याने हे नाव दिले, अशी कथा बायबलात आहे. ज्यांना हक्काचे घरच नव्हते, त्यांच्या वस्तीला याहून समर्पक नाव कोणते असणार?

१८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस शेषाद्री गेले. हिंदुस्थानी पोशाखातच ते व्यासपीठावर उभे राहिले. स्कॉटलंड-अमेरिकेतून त्यांनी बेथेलसाठी पैसा मिळवला. मंदिर, शाळा, विहिरी, घरे अशी गावाची घडी बसत गेली. १८९१ मध्ये समुद्रप्रवासातच त्यांचे निधन झाले.

अशा मिशन-वस्त्यांवर टीकाही झाली आहे. माणसे मूळ गावापासून तुटतात आणि जमीनदाराऐवजी मिशनच्या ओंजळीने पाणी पिऊ लागतात, असा तिचा रोख असतो. ही टीका सर्वस्वी खोटी नाही. पण जे गावात कधी घेतलेच गेले नव्हते, ते गावापासून तुटले असे कसे म्हणावे? माझ्या मते बेथेलचे मर्म मंदिराच्या भिंतींत नाही. मंदिराबरोबर शेत, विहीर आणि शाळा आली, यात ते आहे. यांतले एक जरी वजा केले असते तरी ती वस्ती टिकणे अवघड होते.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. मी वाचलेल्या पुस्तकांत शेषाद्री आहेत, सालारजंग आहेत. पण पहिली कुदळ मारणाऱ्या मांग कुटुंबांची नावे नाहीत. ज्यांना अक्षर येत होते त्यांची नावे राहिली, ज्यांनी घाम गाळला त्यांची पुसली गेली. आमच्या पाड्यांवरही हेच होऊ घातले आहे. मंदिरासाठी साग कोणी तोडला, विटा कोणी थापल्या, शाळेसाठी जागा कोणी सोडली, हे जाणणारी म्हातारी माणसे एकेक करून चालली आहेत. मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिले लिहिणारे आहेत. या सुट्टीत एक वही आणि एक पेन्सिल घेऊन आपापल्या गावच्या आजोबा-आजींपुढे बसा आणि आधी नावे लिहून घ्या. इतिहास त्यानंतर लिहिता येईल.