घारापुरी एका दिवसात: कड्याहून बेटावर, आण्णांना घेऊन

हा आपल्या भागाचा लिखित अवतार. ज्यांना गाडीवर ऐकताना अर्धं सुटलं, त्यांच्यासाठी.

हल्ली प्रत्येकाच्या फोनवर कोरियाची रील्स येतात. जेजूजवळ उदो नावाचं छोटं बेट आहे. सकाळी बोटीनं जायचं, टेकडी चढायची, शेंगदाण्याचं आइस्क्रीम खायचं, संध्याकाळी परत. बघून मला वाटलं, असं एका दिवसाचं बेट आपल्याकडे पण आहे की! घारापुरी. म्हणजे एलिफंटा. मग ठरवलं, आई-आण्णांना घेऊन जायचं.

मी मूळचा कड्याचा. आष्टी तालुका, बीड जिल्हा. सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. आण्णांनी साठी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता. पण खरं सांगतो, माझ्या डोक्यात अजून एक विषय होता. या उन्हाळ्यात आमचं तिसरं बोअर कोरडं गेलं. मला म्हणायचं होतं की जमीन बटईनं द्या आणि पुण्याला चला. घरी हा विषय काढला की आण्णा उठून गोठ्यात जातात. बोटीतून कुठं उठून जाणार?

जायचं कसं

आम्ही कड्याहून नगरला एसटीनं आलो, तिथून रात्रीची बस पकडून पहाटे दादर. लोकलनं सीएसएमटी आणि तिथून टॅक्सीनं गेटवे. घारापुरीच्या बोटी गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास सुटायला लागतात. प्रवास साधारण एक तासाचा. चार गोष्टी लिहून ठेवा:

- सोमवारी लेणी बंद असतात.
- पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या कधीही थांबतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.
- बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. शेवटच्या बोटीची वेळ उतरल्याउतरल्या जेटीवर विचारून घ्या.
- लाइफ जॅकेट घाला. 18 डिसेंबर 2024 ला याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. "गरम होतंय" म्हणून जॅकेट काढून मांडीवर ठेवू नका.

आण्णांनी जॅकेट घातलं, वरून उपरणं टाकलं आणि तासभर पाण्याकडे बघत बसले. एकदाच बोलले, "एवढं पाणी, अन् एक घोट पिता येत न्हाई." मी विषय काढणार होतो. नाही काढला.

जेटी एवढी लांब का?

बोट लागते तिथून बेटाचा पायथा बराच लांब आहे. मध्ये छोटी झुकझुक गाडी चालते. आईनं विचारलं, "बोट जवळच का लावत न्हाईत?" कारण आहे ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांपेक्षा थोडं जास्त अंतर, आणि वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. घारापुरीच्या भोवती उथळ चिखल आणि खारफुटी आहे. भरतीला बेट सुमारे 10 चौरस किलोमीटर असतं, ओहोटीला चिखल उघडा पडून सुमारे 16 होतं. म्हणून बोटीला खोल पाणी मिळेल तिथपर्यंत जेटी न्यावी लागते.

चढण आणि लेणी

जेटीपासून लेण्यांपर्यंत सुमारे 120 पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्री. आण्णांचे गुडघे दुखतात, म्हणून तीनदा टेकलो. आईच्या पिशवीतल्या भाकरीवर एका माकडाचा डोळा होता. खाणं बॅगेतच ठेवा, हातात नको.

मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात. 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे. समोर महेशमूर्ती, तीन मुखांची, साडेपाच मीटरच्या आसपास उंच. मधलं मुख शांत, एक उग्र, एक सौम्य. तिच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर, म्हणजे गंगा जटेत झेलणारा शिव.

एक गोष्ट नीट समजून घ्या. हे बांधलेलं नाही, कोरलेलं आहे. खांब उभे केले नाहीत, खांब सोडून बाकीचा डोंगर काढून टाकलाय. आम्ही कोड लिहितो तेव्हा चुकलं की मागे जाता येतं. इथं एक टवका जास्त उडाला की उडाला.

"एलिफंटा" हे नाव पोर्तुगीजांनी दिलं, बेटावरच्या दगडी हत्तीवरून. इंग्रजांच्या काळात तो हत्ती हलवताना फुटला. पुन्हा जोडलेला हत्ती आता भायखळ्याला जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे.

आण्णा मात्र गंगाधरापुढे थांबले आणि मग बाजूच्या चौकातल्या पाण्याच्या टाक्याकडे गेले. खडकातच कोरलेलं टाकं. हात लावून म्हणाले, "हा तर आपलाच दगड हाय."

आपलाच दगड

आण्णा बरोबर होते. हा बेसाल्ट, आपला काळा पाषाण. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार तयार झालं. कड्याचा माळ, वेरूळ, घारापुरी, सगळं त्याच लाव्हाचं. जेजू आणि उदोपण ज्वालामुखीचीच बेटं, तिथंही काळा बेसाल्ट.

आता बोअरचा मुद्दा. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते फक्त भेगांमध्ये आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र भागात साठतं. बोअर त्या भेगेला लागलं तर पाणी, नाहीतर फुफाटा. म्हणून शेजाऱ्याच्या बोअरला पाणी असतं आणि दहा पावलांवर आपलं कोरडं. आणि हाच दगड पाणी सोडत नाही, म्हणून त्यात कोरलेलं टाकं शेकडो वर्षं पाणी धरून ठेवतं. दोष दगडाचा नाही. आपण त्याच्या पोटात पाणी शोधतोय, त्यांनी वरचं पाणी झेललं.

तोफांची टेकडी

लेण्यांच्या पुढून एक वाट वर जाते. अर्ध्या तासाची चढण, सोबत पाणी हवंच. बेटाची उंची दीडशे मीटरच्या आसपास आहे. वर दोन प्रचंड जुन्या तोफा आहेत. एका बाजूला न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन, दुसरीकडे तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, धुक्यात मुंबई.

आण्णा वर आले नाहीत. मी उतरलो तेव्हा ते एका टपरीवर ताक पीत बसले होते. टपरीवाल्या मावशी बेटावरच्याच. इथं शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत, हे कितीतरी पर्यटकांना माहीतच नसतं. समोर मुंबई रात्रभर झगमगते, पण या गावांत कायमची वीज आली 22 फेब्रुवारी 2018 ला, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास डिझेल जनरेटर.

आण्णांनी विचारलं, "एवढी वर्सं गेला का न्हाईत गाव सोडून?"

मावशी म्हणाल्या, "पोरं गेली ना. आम्ही राहिलो. घर हाय ना इथं."

मग आण्णांनी पाण्याचं विचारलं. पावसाचंच अडवून साठवतात, उन्हाळ्यात जपून वापरतात, असं त्या म्हणाल्या. आण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण मला कळलं की माझा विषय त्यांना कधीचाच कळला होता.

परतीचा हिशेब

परतीच्या बोटीत आण्णाच म्हणाले, "आपल्या घरावरच्या पत्र्याचं पाणी किती हुईल रे? काढ तुझ्या मोबाइलात."

गणित सोपं आहे, तुम्हीही करा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं घर आणि गोठा मिळून 100 चौरस मीटर पत्रा. आपल्याकडे वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरला तर 50,000 लिटर. वाया जाणारं सोडून 80 टक्के धरा, 40,000 लिटर. दोन माणसं आणि दोन जनावरांना रोज 200 लिटर लागलं, तर 200 दिवस.

ऊस होणार नाही यावर. शेतीचा प्रश्न सुटणार नाही. पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं कमी होईल. आण्णांनी आकडा दोनदा विचारून घेतला.

पुण्याचा विषय मी काढलाच नाही. चौथ्या बोअरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून आता टाकं बांधायला घेतलंय. पहिला पाऊस वाया सोडायचा, पत्रा धुऊन निघतो, आणि टाक्यावर झाकण पाहिजेच, नाहीतर डास. टाकं भरलं का, ते पावसाळ्यानंतरच्या भागात सांगतो.

तुम्ही घारापुरीला जाल तेव्हा एक करा. लेणी बघून पळत शेवटची बोट गाठू नका. अर्धा तास टपरीवर बसा, ताक घ्या, बोला. आणि घरी गेल्यावर आपलं छत मोजून मला आकडा पाठवा.

भेटू पुढच्या भागात!